गाडी वेळेवर आली, पण वेळ कोणी विचारली?

१०८ची गाडी उशिरा आली की बातमी होते. वेळेवर आली, पेशंटला उचललं, सायरन वाजवत जवळच्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडलं, की काम झालं असं सगळेच धरून चालतात: घरचे, खातं आणि पत्रकारही. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत उपकरणांच्या, ७०४ मूलभूत. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत मागे डॉक्टर. ही चैन बऱ्याच श्रीमंत देशांनाही नाही; तिथे गाडीत प्रशिक्षित पॅरामेडिक असतो. आणि मागे डॉक्टर बसवूनही आपण हिशेब मात्र भाड्याच्या टॅक्सीचा ठेवतो: फोन कधी आला, गाडी कधी पोचली, किलोमीटर किती झाले.

मेंदूच्या आणि नसांच्या आजारांत हा हिशेब कुचकामी आहे. अंगावरून वारं गेलेला, म्हणजे पक्षाघात झालेला माणूस पंधरा मिनिटांत गाडीत चढला, पण त्याला सीटी स्कॅन नसलेल्या ग्रामीण रुग्णालयात उतरवला, तर ती पंधरा मिनिटं वाया गेली. अशा पेशंटचं पुढे काय होणार हे बरंचसं गाडीत ठरतं: काय विचारलं, काय तपासलं, कुठे नेलं. म्हणून माझं म्हणणं असं की रुग्णवाहिकेच्या कामाचं माप बदललं पाहिजे. अशा प्रत्येक पेशंटच्या कागदावर घड्याळातली वेळ आणि रक्तातली साखर असलीच पाहिजे, आणि सीटी ज्या क्षणी चालू आहे अशा रुग्णालयाकडे थेट जाण्याचा अधिकार गाडीतल्या डॉक्टरला लेखी मिळाला पाहिजे.

आधी वेळेचं बघू. ‘केव्हापासून?’ असं विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं: ‘सकाळपासून.’ कागदावरही तेच उतरतं, आणि त्या शब्दाचा पुढच्या डॉक्टरला काडीचा उपयोग नसतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज, सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५च्या अमेरिकी चाचणीने तीन तासांची मुदत दिली होती, २००८च्या युरोपीय चाचणीने ती साडेचारवर नेली. हे साडेचार तास मोजायचे ते लक्षण दिसल्यापासून नव्हे, पेशंटला शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून. इथेच गफलत होते. आजोबा सकाळी सहाला उठले तर उजवा हात उचलेना. रात्री दहाला झोपले होते, म्हणजे आठ तास झाले. इंजेक्शनची वेळ गेली. पण कुणी आजींना विचारलं, ‘रात्री लघवीला उठले होते का हो?’ तर आजी सांगतात, ‘चारला उठले, मोरीचा दिवा लावला, मला म्हणाले पाणी दे, आणि परत झोपले.’ नीट चालले, नीट बोलले. म्हणजे मोजणी चारपासून, आणि मुदत साडेआठपर्यंत. एका प्रश्नाने सहा तास परत मिळाले. हा प्रश्न गाडीत विचारायचा असतो, कारण आजी तिथे असतात. रुग्णालयात पोचेपर्यंत त्या मागे राहिलेल्या असतात आणि सोबत आलेला पुतण्या म्हणतो, ‘मला नाही माहीत, मी आत्ताच आलो.’

माणूस एकटा सापडला तरी वेळ शोधता येते. दूध घ्यायला दार कोणी उघडलं, फोनवरचा शेवटचा कॉल किती वाजता झाला, विहिरीवरची मोटार कोणी चालू केली, देवापुढची समई पेटलेली होती का. हे पोलिसी काम वाटतं, पण त्याला दोन मिनिटांहून जास्त लागत नाहीत, आणि ते पेशंटला उचलता उचलता करता येतं. ज्यांनी शेवटचं नीट पाहिलं त्यांनाच गाडीत घ्यायचं. ‘घर बंद करून मागनं येतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. घर शेजाऱ्याला बंद करू द्या. सोबत चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं घ्यायची, गोळ्यांची नावं आठवत बसायचं नाही. त्यातही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शेवटची कधी घेतली, हे पहिलं. हृदयाची झडप बदललेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या पेशंटचं इंजेक्शन त्याच एका उत्तरावर अडतं.

साडेचार तास हे शेवटचं टोक आहे, निवांत बसण्याची सवलत नव्हे. मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला आणि तो अजून वापरात आहे. निवडक पेशंटमध्ये मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढण्याची सोय २०१८च्या चाचण्यांनंतर २४ तासांपर्यंत वाढली, हे खरं. पण तो पेशंट निवडायलाही पुन्हा वेळ कागदावर लागतेच.

आता तपासणी. पक्षाघात ओळखायला गाडीत कुठलंही यंत्र लागत नाही. सिनसिनाटी इथल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात पॅरामेडिकसाठी तीन खुणांची तपासणी बसवली: चेहरा, हात, बोलणं. एक मिनिट लागतं. पण ती आपल्या पेशंटवर, आपल्या भाषेत नीट करायला थोडी अक्कल लागते. ‘हसून दाखवा’ म्हटलं तर घाबरलेली म्हातारी हसत नाही. ‘दात दाखवा, ई म्हणा’ म्हटलं की दाखवते. कवळी खिशात असेल तर तोंड आधीच बसकं दिसतं, तेव्हा दातांकडे न बघता नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी दोन्हीकडे सारखी आहे का ते बघायचं. हातासाठी डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात पुढे धरायला सांगायचं आणि मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. हात पूर्ण पडायलाच हवा असं नाही. तळवा हळूच आत वळला, हात चार बोटं खाली सरकला, तरी खूण धरायची. दहापर्यंत मोजायचा कंटाळा करून तीनवर थांबलं की नेमका हा सौम्य पेशंट निसटतो.

बोलण्यासाठी एक ठरलेलं साधं वाक्य लागतं. ‘कच्चा पापड पक्का पापड’ म्हणायला लावणारे काही उत्साही डॉक्टर असतात. त्यात धट्टाकट्टा माणूसही अडखळतो. ‘पाऊस थांबला, मग आम्ही शेतावर गेलो’ एवढं पुरे. शब्द जड येतात, चुकीचे येतात, की वाक्य समजतच नाही, यांतलं काय झालं ते लिहायचं. शुद्धीचंही तसंच. ग्लासगोमध्ये टीझडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेलं मोजमाप सगळे वापरतात, पण कागदावर नुसती बेरीज लिहितात: ‘आठ’. आठ कशाचे? डोळ्यांचे दोन, बोलण्याचे दोन आणि हालचालीचे चार, की एक, एक आणि सहा? दोन्ही पेशंटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिन्ही आकडे वेगवेगळे लिहायचे. आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना ‘हे कुठलं साल?’ विचारून ‘गोंधळलेली’ असा शेरा मारणं हा आपलाच गोंधळ. आज वार कुठला, परवा कुठला सण झाला, ही समोर बसलीय ती तुमची कोण, हे विचारावं.

या तीन खुणांना एक मोठं भोक आहे. मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूत गुठळी अडकली तर चेहरा सरळ, हात सरळ, बोलणं बऱ्यापैकी. फक्त गरगर चक्कर आणि उलट्या. आपल्याकडे त्याला लगेच ‘पित्त झालं’ म्हणतात, आणि कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतो. उपाय सोपा आहे: पेशंटला खाटेच्या कडेला पाय खाली सोडून, हात न टेकता बसवायचं. पित्ताचा माणूस कण्हत का होईना, बसतो. लहान मेंदूचा एका बाजूला कलंडतो. झोपलेल्या पेशंटला स्ट्रेचरवर झोपलेलाच उचलला, तर ही खूण कधीच दिसत नाही.

आणि साखर. कागदावर ती नसली तर बाकीची तपासणी लंगडी. रक्तातली साखर खूप खाली गेली की एक हात-पाय लुळा पडू शकतो, बोबडी वळू शकते, झटका येऊ शकतो, हुबेहूब पक्षाघात. ७०च्या खाली म्हणजे कमी, ६०च्या खाली तर लगेच भरायची: शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचं १०० मिली, म्हणजे २५ ग्रॅम साखर, हळूहळू, आणि सुई शिरेतच आहे याची खात्री करून, कारण ते बाहेर झिरपलं की कातडी जळते. दारूचं व्यसन आणि उपासमार असेल तर सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. दहा मिनिटांत हात उचलला, तर पक्षाघात नव्हताच. तरी पेशंटला ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी सोडायचं नाही. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवरच्या पेशंटची साखर दोन-चार तासांत पुन्हा कोसळते.

मग प्रत्येक गाडीत ग्लुकोमीटर असूनही हा आकडा कागदावर का नसतो? अर्धं उत्तर गाडीच्या कप्प्यात सापडतं. पट्ट्यांची बाटली उन्हात उभ्या गाडीत पडलेली असते. त्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीचं काय होतं ते सांगायला नको. बाटलीचं झाकण नीट लागलेलं नसतं, त्यामुळे दमट हवा शिरते. मग यंत्र चूक दाखवतं किंवा भलताच आकडा देतं, आणि हळूहळू त्याच्यावरचा विश्वास उडून ते कपाटात जातं. दुसरी गंमत घरच्यांनी केलेली असते. चक्कर आली म्हणून पेशंटच्या हातात गूळ नाहीतर पेढा दिलेला असतो. त्याच चिकट बोटाला टोचलं की आकडा येतो ३१०. बोट पाण्याने पुसून, कोरडं करून, पहिला थेंब टिपून दुसऱ्या थेंबावर मोजायचं. महिन्याला पट्ट्यांची एक बाटली आणि ती ठेवायला एक थंड डबा. आरोग्य खात्याच्या खरेदीत याहून स्वस्त काही निघेल असं वाटत नाही.

गाडी यायच्या आधी घरात जे दिलं जातं तेही विचारायला हवं, कारण आपल्या घराघरांत हृदयविकाराचं संकटकाळी पाकीट तयार असतं. छातीत दुखण्यासाठीची जिभेखालची गोळी तोंड वाकडं झालेल्यालाही दिली जाते. त्याने रक्तदाब घसरतो, आणि अर्धवट तुंबलेल्या भागाला जो काही रक्तपुरवठा मिळत होता तोही आटतो. पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिन दिली जाते. पण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कोणालाच सांगता येत नाही. शिवाय गिळता न येणाऱ्याच्या घशात पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. गाडीतल्या डॉक्टरनेही २००चा रक्तदाब बघून हात चालवू नये. २२०/१२०पर्यंतचा दाब तसाच राहू द्यायचा. इंजेक्शन देण्यापूर्वी तो १८५/११०च्या खाली आणायचा, पण ते सीटीनंतर, रुग्णालयात. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवून पाहण्याची मोठी चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला, गुठळी असलेल्यांचं नुकसान झालं, बेरीज शून्य. गाडीत हे दोघे ओळखता येत नाहीत, म्हणून हात आवरायचा.

करण्यासारखं मात्र बरंच आहे. ऑक्सिजनची पातळी ९४च्या खाली असेल तरच ऑक्सिजन. उलटी होत असेल तर कुशीवर. सलाईन साधं, साखरेचं नव्हे. सुई चांगल्या हाताच्या कोपराच्या खळगीत, हिरवी किंवा गुलाबी. मनगटावर निळी सुई टोचली की रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या सीटीसाठी पुन्हा टोचावं लागतं आणि पाच मिनिटं जातात. लुळा हात स्ट्रेचरच्या कडेवरून लोंबू द्यायचा नाही. जिन्यावरून उतरवताना त्याच हाताला धरून ओढतात, खांदा निखळतो, आणि पुढे सहा महिने व्यायाम करणाऱ्या पेशंटला पक्षाघातापेक्षा खांदा जास्त छळतो.

आता वादाचा मुद्दा: गाडी न्यायची कुठे. प्रघात असा की जवळचं सरकारी रुग्णालय. छातीत घरघर लागलेली, श्वास थांबत आलेला, नाडी लागत नाही, तर जवळचंच, यात दुमत नाही. पण तीन खुणांपैकी एकही दिसली, वेळ मुदतीत आहे, श्वास आणि नाडी टिकून आहे, अशा पेशंटला ग्रामीण रुग्णालयात उतरवून तिथे केसपेपर काढणं, रेफरची चिठ्ठी लिहिणं, दुसऱ्या गाडीची वाट पाहणं यात दीड-दोन तास सहज जातात. म्हणून सीटी असलेल्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाकडे थेट.

याला तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला: तालुक्याला एक गाडी, ती ७० किलोमीटर जिल्ह्याला गेली तर तीन तास तालुका उघडा. खरं आहे. पण आजही हा पेशंट शेवटी जिल्ह्यालाच जातो, त्याच गाडीने किंवा दुसरीने, फक्त दोन फेऱ्यांत. एक फेरी वाचवायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो: गाडीतले बरेच डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर, त्यांच्यावर हा निर्णय सोपवायचा? तीन खुणांची तपासणी मुळात डॉक्टर नसलेल्यांसाठी बनवली होती. पदवीचा प्रश्न नाही, सरावाचा आहे. वर्षातून एकदा सभागृहात स्लाइड दाखवून सराव होत नाही. स्ट्रेचरवर माणूस झोपवून, मोठ्याने दहापर्यंत मोजून होतो.

तिसरा आक्षेप संशोधनातून येतो. स्पेनमधल्या कॅटलोनियात मोठ्या रक्तवाहिनीच्या संशयित पेशंटना जवळचं केंद्र टाळून गुठळी ओढणाऱ्या मोठ्या केंद्रात थेट नेऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: फरक पडला नाही. मग थेट नेण्याचा अट्टहास कशाला? पण तिथलं ‘जवळचं केंद्र’ म्हणजे सीटी आणि इंजेक्शन दोन्ही देणारं, फोन गेला की तयार बसलेलं रुग्णालय. आपल्याकडचं जवळचं केंद्र म्हणजे अनेकदा एक्स-रेचा तंत्रज्ञही रजेवर. कॅटलोनियाचा धडा आपल्यासाठी उलटा निघतो: पुण्या-मुंबईच्या मोठ्या केंद्रापर्यंत धावू नका, सीटी आणि इंजेक्शन देणाऱ्या पहिल्या ठिकाणी थांबा. आणि तिथे न्यूरॉलॉजिस्ट नसला तरी अडत नाही. हिमाचल प्रदेशात जिल्हा रुग्णालयातले फिजिशियन सीटीचे फोटो मोबाइलवर शिमल्याच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवून इंजेक्शन देत आले आहेत. डोंगरातल्या राज्याला जे जमलं ते सह्याद्रीच्या पायथ्याला का जमू नये?

यातली खरी अडचण वेगळी आहे. ‘सीटी आहे’ आणि ‘सीटी आत्ता चालू आहे’ ही दोन वाक्यं आहेत. यंत्र असतं, रात्री तंत्रज्ञ नसतो. तंत्रज्ञ असतो, ट्यूब बदलायची असते. दोन्ही असतं, इंजेक्शनचा साठा संपलेला असतो. १०८च्या नियंत्रण कक्षाकडे प्रत्येक जिल्ह्याची अशी यादी दर पाळीला ताजी असायला हवी, आणि गाडी निघताच त्या रुग्णालयाला फोन जायला हवा: वय, शेवटचा धडधाकट किती वाजता, कुठली बाजू, साखर किती, रक्त पातळ करायची गोळी आहे की नाही, किती मिनिटांत पोचतो. अर्ध्या मिनिटाचा फोन. तो आला की स्ट्रेचर कॅज्युअल्टीत न थांबता सरळ सीटीच्या दारात जातो.

पक्षाघाताचाच एवढा विचार केला की बाकीचे आजार त्याच्या साच्यात कोंबले जातात, आणि त्यात माणसं मरतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमची साथ आली आणि रुग्णांची संख्या २००च्या वर गेली. या आजारात अशक्तपणा पायांतून वर चढतो, दोन्ही बाजूंना, काही दिवसांत. गुडघ्यावर ठोकलं तर पाय उडत नाही. आधी आठवडा-दोन आठवडे जुलाब झालेले असतात, ते विचारायचं. इथे सापळा आहे तो ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या चिमट्याचा. श्वासाचे स्नायू थकत आले तरी चिमटा ९८ दाखवत राहतो, सगळे निश्चिंत, आणि आकडा घसरायला लागतो तेव्हा पेशंट कोसळायच्या बेतात असतो. याला यंत्राची गरज नाही. पूर्ण श्वास घ्यायला लावायचा आणि एका दमात एक, दोन, तीन मोजायला सांगायचं. निरोगी माणूस तीस-चाळीसपर्यंत जातो. वीसच्या आत अडकला तर सावध. बारा-पंधरावर थांबला तर व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णालयात न्यायचं नाही. मान उशीवरून उचलता येते का तेही पाहायचं. मान गेली की श्वास फार मागे नसतो. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ११.१० ला २२, ११.२५ ला १६. असा कागद हातात पडला की अतिदक्षता विभागाला पुढे काही विचारावं लागत नाही.

कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच, पहाटे जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या मिटत असतील, पोटात दुखत असेल, शब्द अडखळत असतील, तर पक्षाघाताआधी मण्यार आठवावी. तिचा दंश सुजत नाही, बहुधा दुखतही नाही, खूण सापडतेच असं नाही. पुढे पेशंट पूर्ण लुळा पडतो, बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला हलत नाहीत, आणि बघणारा म्हणतो ‘मेंदू गेला’. मेंदू शाबूत असतो. तो सगळं ऐकत असतो, फक्त स्नायू बंद पडलेले असतात. फुगा दाबत श्वास देत राहिलं, मिनिटाला दहा-बारा वेळा, तर तो काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकतो. दंश झालेल्या भागाला करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, आणि प्रतिविष व व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं ठिकाण गाठायचं.

झटक्यांबाबत उलट होतं: गाडीतच करायचं ते रुग्णालयावर ढकललं जातं. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्ध न येता दुसरी आली की औषध तिथल्या तिथे. ४० किलोच्या वरच्या माणसाला मिडाझोलाम १० मिलिग्रॅम मांडीत. २०१२च्या अमेरिकी चाचणीत मांडीतल्या या इंजेक्शनने रुग्णालयात पोचेपर्यंत ७३ टक्के पेशंटचे झटके थांबले, शिरेतून दुसरं औषध दिलेल्यांत ६३ टक्के. कारण हलत्या माणसाची शीर शोधण्यातच वेळ जातो. आपल्याकडे दोन चुका होतात. श्वास थांबेल या भीतीने २ मिलिग्रॅम दिलं जातं, जे न दिल्यात जमा. आणि गाडीत मिलिलिटरला १ मिलिग्रॅमची पातळ बाटली असते. तिचे दहा मिली एका मांडीत टोचणार कसे? मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमची कुपी हवी. खरेदीच्या यादीत औषधाच्या नावापुढे तीव्रतेचा रकाना भरणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. गरोदर किंवा बाळंतिणीला झटका आला तर औषध वेगळं: मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, आणि मग गाडी हलवायची. कांदा आणि चप्पल हुंगवणाऱ्या मंडळींशी वाद घालत बसू नये; त्यांच्यातल्याच एकाला घड्याळ धरायला लावावं. फिट किती मिनिटं चालली हे नाहीतरी कोणालाच माहीत नसतं.

हे सगळं सुधारायचं तर शेवटची एक कडी जोडावी लागेल, जी आज कुठेच नाही. गाडीतल्या डॉक्टरला सीटीत काय निघालं ते कधीच कळत नाही. त्याने पक्षाघात म्हटलं आणि साखर निघाली, त्याने पित्त म्हटलं आणि लहान मेंदूत गुठळी निघाली, दोन्ही वेळा तो दुसऱ्या दिवशी तसाच कामावर येतो. रुग्णालयातून त्या गाडीच्या फोनवर दुसऱ्या दिवशी एक मेसेज जायला हवा: ‘डाव्या मेंदूत गुठळी. इंजेक्शन ७.५० ला. आज उजवा हात खांद्यापर्यंत उचलतोय. चार वाजताची वेळ तुम्ही लिहिली म्हणून देता आलं.’